मी बाजूला झाले की काम थांबतं

प्रश्न : मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर आहे. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा कामाला लागला. वय २६, तीव्र बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम). बोलत नाही, चित्रांची कार्डं दाखवून थोडंफार सांगतो. काम फिटिंगची पाकिटं भरण्याचं. प्रत्येक पाकिटात ४ बोल्ट, ४ नट, ८ वॉशर आणि १ ॲलन की (बोल्ट आवळायची काटकोनी किल्ली). पहिले दोन महिने संस्थेच्या जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी येऊन काम शिकवणाऱ्या बाई, रोज यायच्या, त्याच्या शेजारी बसायच्या. आता त्या आठवड्यातून एकदा येतात आणि माझं नेहमीचं काम सांभाळून मला त्याची मेंटॉर नेमलं आहे. मी शेजारी उभी असले की तो तासाला ३०-३२ पाकिटं भरतो. मी बाजूला झाले की काम थांबतं. हात बिनमध्ये (सुट्या भागांच्या डब्यात) किंवा टेबलावर तसाच ठेवून माझी वाट बघत बसतो. शिवाय साधारण ११ वाजता स्वतःच्या मनगटाला चावतो, कधी कपाळावर हात मारून घेतो. हे पहिल्या दोन महिन्यांत नव्हतं. बाकीचे लोक चांगले आहेत, पण त्याचं खोकं तेच भरून टाकतात. साहेब विचारतात, अजून किती दिवस त्याच्यामागे माणूस उभं ठेवायचं? मी कुठे कमी पडते आहे?

उत्तर : तासाला ३०-३२ पाकिटं भरणाऱ्या माणसाला काम येतं, हे आधी पक्कं धरून चला. त्याला येत नाही ते एवढंच, की तुमच्याशिवाय एका पाकिटावरून पुढच्या पाकिटाकडे जाणं. आणि याचं कारण बहुतेक वेळा शिकवण्याच्या पद्धतीत सापडतं, शिकणाऱ्यात नाही. दोन महिने शेजारी बसून कोणी "छान, आता पुढचं" म्हणत राहिलं, की तो आवाजच कामाचा एक भाग होऊन बसतो. बोल्ट, नट, वॉशर, ॲलन की, पिशवी बंद, आणि मग आवाज. आवाज आला नाही तर त्याच्या लेखी पाकीट अजून पूर्ण झालेलं नसतं. म्हणून तो थांबतो. हा आळस नाही. जसं शिकवलं तसंच तो अगदी काटेकोर वागतो आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. शेजारी माणूस बसवताना तो माणूस उठणार कसा आणि कधी, हे कोणी ठरवलं नव्हतं. ती योजना पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. आता चौथ्या महिन्यात करू, उशीर झालेला नाही.

त्याआधी एक शब्द बदला. पत्रात तुम्ही त्याला "मुलगा" म्हटलं आहे. २६ वर्षांच्या इतर कामगाराला तुम्ही जसं नावानं हाक मारता, तशीच याला मारा. हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. ज्याला सगळे मूल समजतात, त्याचं खोकं सगळे भरून टाकतात. तुमच्याकडे नेमकं तेच होतं आहे.

पहिले दोन दिवस काहीही शिकवू नका, फक्त बघा. त्याच्यापासून साधारण दोन मीटर दूर, बाजूला उभ्या राहा. बोलू नका, मान डोलावू नका. सकाळी १० आणि दुपारी १० पाकिटं बघा आणि हात नेमका कुठे थांबतो ते लिहून ठेवा. थांबला तर मनात १० आकडे मोजा. तरी हलला नाही तर पुढच्या वस्तूकडे नुसतं बोट दाखवा. त्याला अडकलेल्या अवस्थेत सोडून देऊ नका. तीन शक्यता आहेत. दर वेळी पाकीट संपल्यावरच थांबत असेल, तर त्याला पुढच्या पाकिटाची खूण मिळत नाही. वॉशरांपाशी थांबत असेल, तर ८ मोजणं जड जातं आहे. आणि थांबण्याची जागा रोज बदलत असेल, तर आवाज, थकवा, दुखणं असं काहीतरी कामाबाहेरचं कारण शोधावं लागेल. पत्रावरून आम्हाला पहिली शक्यता वाटते, थोडी दुसरीही. पण आमच्या अंदाजापेक्षा तुमची दोन दिवसांची नोंद जास्त खरी.

मग टेबल बदला. माणूस बदलण्याआधी टेबल बदलून बघायचं, हा या क्षेत्रातला जुना आणि पुन्हा पुन्हा खरा ठरलेला धडा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत संशोधक मार्क गोल्ड यांनी मध्यम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या कामगारांना सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं, आणि नंतर २४ भागांचाही. तोंडी सूचना त्यांनी जवळजवळ वापरल्याच नाहीत. भाग जोडणीच्या क्रमानं खणांत मांडले, आणि भागाची जी बाजू समोर यायला हवी तिला रंग दिला. एवढ्यानं शिकणं वेगानं झालं. ज्यांना "यांना काही जमणार नाही" म्हणून वर्षानुवर्षं अगदी किरकोळ कामांना बसवलं जात होतं, त्यांच्याबद्दल तेव्हा अनेकांना आपलं मत बदलावं लागलं.

तुमच्या कामात मोजणी काढून टाकता येते. एक साचा बनवून घ्या. पाटीत बोल्टांच्या ४ लांबट खाचा, नटांच्या ४, वॉशरांच्या ८ आणि ॲलन कीच्या आकाराची एक काटकोनी खाच. दोन वॉशरांसाठी एकच खोल खाच करू नका. तिथे एक वॉशर पडला तरी ती भरल्यासारखी दिसते आणि पाकिटात वॉशर कमी जातात. खाच इतकी उथळ असू द्या, की चुकून दुसरा वॉशर वर पडला तर तो चटकन उठून दिसेल. खाचांचा तळ भडक रंगाचा करा, म्हणजे रिकामी खाच नजरेत भरेल. पाटीचं एक टोक निमुळतं ठेवा. भरून झालं की साचा तिरपा करून सगळं पिशवीत ओतता येईल. बिन डावीकडून उजवीकडे, खाचांच्याच क्रमानं मांडा.

आता मुख्य गोष्ट, आवाजाच्या जागी खूण. १० कप्प्यांचं खोकं त्याच्या उजव्या हाताला ठेवा. एक पाकीट, एक कप्पा. रिकामा कप्पा दिसतो आहे तोवर काम बाकी आहे, हे कोणी न सांगता कळतं. दहा भरले की खोकं रॅकवर, रॅकवरचं रिकामं खोकं टेबलावर. दिवसाची खोकी सकाळीच रॅकवर मोजून ठेवा, म्हणजे आजचं काम किती आणि संपणार कधी हेही डोळ्यांना दिसेल. ज्याला घड्याळ आणि आकडे उलगडत नाहीत, त्याला न संपणारं काम फार जाचतं.

यानंतर कामाच्या पायऱ्या लिहा. खुर्चीत बसून नाही. स्वतःच्या हातानं पाच पाकिटं भरा आणि मग लिहा. प्रत्येक पायरी डोळ्यांनी दिसणारी हवी. "नीट भरतो" ही पायरी नाही. तुमच्या कामासाठी साधारण अशा होतील :

१. रॅकवरून रिकामी पिशवी काढून साच्याच्या निमुळत्या टोकाशी अडकवतो.
२. पहिल्या बिनमधले बोल्ट ४ खाचांत ठेवतो.
३. दुसऱ्या बिनमधले नट ४ खाचांत ठेवतो.
४. तिसऱ्या बिनमधले वॉशर ८ खाचांत ठेवतो.
५. ॲलन की तिच्या खाचेत ठेवतो.
६. साच्यावरून बोट फिरवतो. रिकामी खाच दिसली तर भरतो.
७. साचा तिरपा करून पिशवीत ओततो.
८. पिशवी काढून दाबून बंद करतो.
९. पाकीट वजनकाट्यावर ठेवतो.
१०. हिरवा दिवा लागला की खोक्यातल्या पुढच्या रिकाम्या कप्प्यात ठेवतो.
११. हात पुन्हा पिशव्यांच्या रॅककडे नेतो.

अकरावी पायरी बहुतेक याद्यांमध्ये नसते. लिहिणाऱ्याला वाटतं, एक पाकीट झालं की माणूस दुसरं घेणारच. तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत गाडी याच पायरीवर अडली आहे. ती लिहा, आणि इतर दहांसारखीच तीही शिकवा.

काट्याबद्दल थोडं. पाकिटाचं वजन ठरावीक मर्यादेत असलं की हिरवा, नाही तर लाल दिवा दाखवणारे काटे मिळतात. काटा असा निवडा, की सर्वांत हलक्या भागाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी फरकही त्याला कळेल. घेण्याआधी ५० बरोबर पाकिटांचं वजन करून बघा. बोल्टांच्या वजनात उत्पादनातच फरक असेल, तर त्यात एक हरवलेला वॉशर लपून जातो. तसं निघालं तर काट्याच्या नादी लागू नका, सहावी पायरी पक्की करा. काट्याचा खरा फायदा असा, की चूक त्याची त्याला कळते. तुम्ही "चुकलं" म्हणावं लागत नाही, आणि पाकीट बरोबर झालं की नाही हे बघायला तो तुमच्या चेहऱ्याकडे वळत नाही.

आता शिकवण्याची रीत. मदतीच्या प्रकारांत बोलणं सर्वांत सोपं वाटतं आणि काढून घ्यायला तेच सर्वांत अवघड जातं. म्हणून बोलणं सर्वांत आधी बंद करा. गप्पा नव्हेत, कामाच्या सूचना. पायरी आली की आधी ५ सेकंद थांबा. हे ५ सेकंद उभ्या माणसाला फार लांब वाटतात आणि निम्मे मेंटॉर दुसऱ्याच सेकंदाला बोलून मोकळे होतात. म्हणून मनात मोजा. तो हलला नाही तर वस्तूकडे बोट. पुन्हा ५ सेकंद. तरी नाही, तर कोपराला किंवा मनगटाला हलका स्पर्श. तरी नाही, तर स्वतः एकदा करून दाखवा. हात धरून करून घेणं अगदी शेवटी, आणि तेही आपला हात त्याच्या हाताखाली देऊन, वरून दाबून नाही. त्यानं हात मागे घेतला की त्याच क्षणी सोडा. स्पर्श चालतो का, कुठे चालतो, हे त्याला आणि घरच्यांना आधीच विचारून ठेवा. स्वमग्न माणसांपैकी अनेकांना हलका स्पर्श बोचतो. त्यापेक्षा बोटाचा इशाराच बरा.

उभ्या राहता कुठे, यालाही महत्त्व आहे. समोर उभ्या राहिलात तर तो टेबल सोडून तुमचा चेहरा वाचत बसेल. खांद्यामागे थोडं बाजूला उभ्या राहा. अंतर असं वाढवा : अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर, शेजारचं टेबल, मग दिसणार नाही अशी जागा. पुढच्या अंतरावर जाण्याची अट ठेवा, की सलग तीन दिवस १० पैकी ९ पाकिटं मदतीशिवाय झाली पाहिजेत. सलग दोन दिवस घसरण झाली तर एकच टप्पा मागे या, पार सुरुवातीला नको. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ज्या आठवड्यात अंतर वाढवता त्याच आठवड्यात नवीन बिन, नवीन जागा किंवा नवीन शिफ्ट आणली, तर बिघडलं कशानं ते कधीच कळणार नाही.

शाबासकीही दूर सरकवा. दर पाकिटाला "छान" म्हटलं की दर पाकिटाला काम मोडतं आणि तो पुन्हा तुमच्याकडे बघू लागतो. आधी ५ पाकिटांनंतर, मग खोकं भरल्यावर, आणि पुढे ती तुमच्याकडून यायलाच नको. खोकं न्यायला येणारा सहकारी जे दोन शब्द बोलेल ते पुरे.

नोंदीसाठी एकच कागद पुरतो. उभ्या रकान्यांत तारखा, आडव्या ओळींत ११ पायऱ्या. स्वतः केली तर "स्व", इशाऱ्यानं "इ", स्पर्शानं "स्प", दाखवून "दा", हातानं "हा". दिवसभर लिहीत बसू नका. सकाळी ५ आणि दुपारी ५ पाकिटं बघून नोंद केली की झालं, एकूण वीस-पंचवीस मिनिटांचं काम. दोन आठवड्यांनी कागद समोर धरा. एखादी आडवी ओळ "इ" आणि "स्प" नं भरली असेल, तर ती पायरी फोडा किंवा साचा सुधारा. त्याच पद्धतीनं आणखी शंभर वेळा करून घेण्यात अर्थ नाही. एखादा उभा रकाना वरपासून खालपर्यंत खराब असेल, तर त्या दिवशी काहीतरी झालं होतं. रात्रीची झोप, औषध बदललं, प्रवासात गाडी चुकली, बाजूला ड्रिल चालू होतं. घरी त्याच दिवशी विचारा. चार दिवसांनी विचारलेलं कोणाला आठवत नाही.

मनगट चावण्याचा प्रश्न या सगळ्यापेक्षा आधी हातात घ्या. पहिल्या दोन महिन्यांत हे नव्हतं असं तुम्ही लिहिलं आहे. न बोलणाऱ्या माणसात स्वतःला इजा करणं नव्यानं सुरू झालं, की पहिली शंका दुखण्याची घ्यायची. दात, कान, डोकं, पोट, बद्धकोष्ठता, आणि नव्या किंवा बदललेल्या औषधाचा परिणाम. हे "स्वभावात" जमा होतं आणि दुखणारी दाढ महिनोन् महिने तशीच राहते, असं वारंवार घडतं. घरच्यांशी बोलून याच आठवड्यात डॉक्टरांची आणि दातांची तपासणी करून घ्यायला सांगा. फिट येतात का, आल्या तर काय करायचं, हेही लेखी मागून घ्या.

तोवर दोन आठवडे साधी नोंद ठेवा. किती वाजता, त्याच्या लगेच आधी काय घडलं, आणि नंतर लोकांनी काय केलं. वेळ ११ चीच असेल, तर ११ ला तिथे काय होतं ते शोधा. कॉम्प्रेसर सुरू होतो का, ट्रक उतरवताना गर्दी होते का, का सकाळपासून तो एकदाही उठलेला नसतो? बाकीचे मधेच पाणी प्यायला, स्वच्छतागृहात, दोन शब्द बोलायला उठतात. "जाऊ का?" हे विचारता येत नसलेला माणूस बसूनच राहतो.

टेबलाच्या कोपऱ्यावर, हात पोचेल असं, सुट्टीचं एक कार्ड चिकटवा. कार्ड दिलं की लगेच सुट्टी, ५ मिनिटं, वेळ संपताना दिसेल असा टायमर लावून. सुरुवातीला तो दिवसातून दहा वेळा कार्ड देईल आणि सगळ्यांना वाटेल, हा फायदा घेतो आहे. तरीही पहिला आठवडा दर वेळी द्या. कार्ड चालतं यावर विश्वास बसला की संख्या आपोआप खाली येते. न आली तर काम, आवाज किंवा दुखणं यांपैकी काहीतरी अजून सुटलेलं नाही. याशिवाय ११ वाजेपर्यंत थांबूच नका, १०.४० ला ठरलेली सुट्टी द्या. इथे एक नेहमीची चूक होते : चावलं की लोक घाबरून त्याला बाहेर नेतात, आणि एरवी नेत नाहीत. मग चावणं हेच सुट्टी मागण्याचं साधन बनतं. चावलंच, तर आधी इजा थांबवा, रागावू नका, मोठ्यानं बोलू नका, थोडं शांत झालं की बोटानं कार्ड दाखवा, त्यानं ते हातात दिलं की सुट्टी द्या. आवाजाचा त्रास दिसत असेल तर कानांवर घालायचे संरक्षक द्या. मात्र ते घातल्यावरही धोक्याचा भोंगा किंवा त्याची दिसणारी खूण त्याला कळते का, हे स्वतः तपासा. बाहेर पडण्याची कवायत त्याच्याबरोबर वेगळी करा, आणि भोंगा झाल्यावर त्याला घेऊन बाहेर पडणाऱ्या दोघांची नावं ठरवून ठेवा.

कार्डांच्या संचात "सुट्टी" बरोबर "मदत", "संपलं", "नको" आणि "दुखतंय" ही चार हवीतच. "नको" शिवायचा संच म्हणजे त्याला फक्त होकार देण्याची मुभा.

सहकाऱ्यांबद्दल. खोकं भरून टाकणारे लोक मनानं चांगले आहेत, पण ते त्याचं काम आणि त्याची नोकरी दोन्ही हलके हलके काढून घेत आहेत. त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोला. विषय त्याचं निदान हा नाही. ते सांगायचं की नाही हे तो आणि त्याचे घरचे ठरवतील. विषय आहे काय करायचं आणि काय नाही. त्याचं पाकीट भरू नका. चूक सापडली तर पाकीट त्याच्याच टेबलावर परत ठेवा, इतरांचं ठेवता तसंच. त्याच्याबद्दल त्याच्या समोर तिसऱ्या माणसाशी बोलू नका. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबा.

यापुढे "सगळ्यांनी लक्ष ठेवा" असं म्हणू नका. सगळ्यांवर सोपवलेलं काम कोणाकडेच नसतं. दोन माणसं नेमा आणि दोन ठरावीक कामं द्या. एकजण सकाळी त्याच्याबरोबर आत येईल आणि दिवसाची खोकी रॅकवर लावेल. दुसरा भरलेली खोकी नेईल आणि बिनमधला माल संपत आला की भरेल. ही दोन्ही कामं त्यांच्या रोजच्या फेरीत बसणारी हवीत, उपकार म्हणून वेगळी काढलेली नकोत. शेजारी बसलेला कोच एक दिवस जातो. जागेवरचे सहकारी राहतात. जिथे हा आधार जागेवरच्या माणसांकडून, त्यांच्या नेहमीच्या कामाच्या ओघात मिळू लागतो, तिथे नोकऱ्या टिकतात. मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर बसतो, तेही बघा. भिंतीकडे तोंड करून एकटा बसत असेल, तर ते त्यानं निवडलं आहे की त्याला कोणी बोलावलंच नाही, हे शोधून काढा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

जॉब कोचच्या आठवड्याच्या भेटीचा उपयोग बदला. त्यांनी शेजारी बसून पाकिटं करून घेणं आता पुरे. त्या दिवशी त्यांनी तुमचा कागद बघावा, तुम्ही मदत देताना तुम्हाला बघावं आणि तुम्हाला दुरुस्त करावं. कोच आणि मेंटॉर ही दोन वेगळी कामं आहेत. पायऱ्या पाडणं, मदत कमी करण्याची आखणी, घराशी संपर्क हे कोचचं. कामाची जागा, माणसं, नियम, कोणाशी कसं बोलावं, बदल कधी येणार हे मेंटॉरचं. तुमच्यावर दोन्ही पडली आहेत आणि पहिल्याचं शिक्षण कोणी दिलेलं नाही. कोचकडून लेखी मागा : आजवर वापरलेल्या सूचना, चालणारे आणि न चालणारे स्पर्श, त्रास वाढत असल्याच्या सुरुवातीच्या खुणा, घरचा संपर्क, आणि अडचण आली तर त्या किती वेळात पोचतील.

आता साहेबांचा प्रश्न. "किती दिवस माणूस उभं ठेवायचं?" याला "लवकरच सुटेल" असं उत्तर देऊ नका. सपोर्टेड एम्प्लॉयमेंट, म्हणजे आधारासह रोजगार, ही कल्पना १९८० च्या आसपास अमेरिकेत आकाराला आली ती जुनी पद्धत उलटी करून. आधी "तयारी करा, मग नोकरी" असं होतं, आणि तीव्र अक्षमता असलेल्यांची तयारी कधी संपतच नसे. लोक संरक्षित कार्यशाळांतच, म्हणजे फक्त दिव्यांगांसाठी वेगळ्या काढलेल्या कार्यशाळांतच, म्हातारे झाले. नव्या पद्धतीत आधी खरी नोकरी आणि मग तिथेच, त्याच टेबलावर शिकवणं. १९८६ साली तिथल्या पुनर्वसन कायद्यात तिला जागा मिळाली, ती नोकरीनंतरही चालू राहणाऱ्या आधारासकट. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम २७ खुल्या बाजारातल्या कामाचा हक्क मान्य करतं आणि त्यासाठी वाजवी सोयी देण्याची जबाबदारी सांगतं. तेव्हा आधार शून्यावर येणं ही यशाची अट नाही. आधार शेजारच्या खुर्चीतून टेबलाच्या मांडणीत आणि सहकाऱ्यांच्या फेरीत गेला पाहिजे.

साहेबांशी मिनिटांच्या हिशेबात बोला. या आठवड्यात तुमची रोज किती मिनिटं जातात ते लिहा, आणि पुढच्या बारा आठवड्यांचा अंदाज मांडा : पहिले चार आठवडे रोज ६० मिनिटं, पुढचे चार ३०, त्यानंतर १५, आणि कायम आठवड्याला एक छोटी पाहणी. ही मिनिटं तुमच्या कामाच्या वेळेत अधिकृतपणे धरून घ्या, नाहीतर महिनाअखेरीच्या घाईत सर्वांत आधी तीच कापली जातील. बाजूला दुसरा आकडा ठेवा, त्यानं भरलेली पाकिटं आधी कोण भरत होतं आणि त्या माणसाचे किती तास मोकळे झाले. तुलना करायची ती याच्याशी. आणि पगार, तो त्या कामाचा असतो तोच. चार महिन्यांनंतरही "प्रशिक्षणार्थी" असा शिक्का असेल तर तो काढून घेण्याची हीच वेळ आहे.

बिघडतं कुठे, ते आधीच सांगून ठेवतो. पाकिटातली वस्तू बदलते आणि साचा तोच राहतो. तुम्ही रजेवर जाता आणि बदली माणूस पहिल्याच तासाला "चल, पुढचं घे" म्हणू लागतो, की तीन आठवड्यांची मेहनत सैल होते. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातला एक दिवस बदली मेंटॉरला उभं करा, तुम्ही असतानाच. बदल होणार असेल तर दोन दिवस आधी नव्या वस्तूचा फोटो दाखवा, वस्तू हातात द्या, नवा साचा रिकाम्या वेळात हाताळू द्या.

आणि त्याला हे काम आवडतं का? हा प्रश्न पत्रात नाही, पण हात थांबण्यामागे तेही असू शकतं. तोंडी विचारता येत नसलं तरी विचारता येतं. महिन्याभरानं स्टोअरमधलं दुसरं एखादं काम, लेबलं लावणं किंवा रिकामी खोकी घडी घालणं, रोज अर्धा तास करून बघू द्या. मग सकाळी दोन्ही कामांची चित्रं समोर ठेवा, जागा रोज अदलाबदल करून, म्हणजे उजव्या हाताला असलेलं तो सवयीनं उचलतो आहे का ते कळेल. दहा दिवसांत आठ-नऊ वेळा एकच चित्र उचललं तर ते त्याचं मत आहे, आणि ते कामाच्या वाटपात दिसायला हवं.

येत्या सोमवारी मात्र एवढंच करा : घरी दातांच्या तपासणीचा निरोप, टेबलावर सुट्टीचं कार्ड, आणि दोन मीटरवरून गप्प राहून २० पाकिटं. साच्याचं माप त्यानंतर द्या. दोन आठवड्यांचा कागद भरला की अकराव्या ओळीत काय दिसतं, ते आम्हाला जरूर कळवा.